चार हजार हर्ट्झवरची खाच : एका बँडमास्तरांचं प्रकरण

"पिकोलो, वाजवते आहेस की नुसतीच धरून बसली आहेस? मला काही ऐकू येत नाही."

तालमीच्या खोलीत मागच्या भिंतीला खुर्ची लावून मी बसलो होतो. पिकोलो, म्हणजे सगळ्यात उंच सुरांची छोटी बासरी, वाजत होती. इतकी वाजत होती की तिच्या वरच्या सुरांना माझे डोळे आपोआप मिटत होते. पहिल्या क्लॅरिनेटांची तीच गत. मुलं ओठ आवळून फुंकत होती, सूर वर चढत होता, मधूनच एखादी रीड, म्हणजे तोंडाकडची पातळ पट्टी, किंचाळत होती. आणि समोर चौथऱ्यावर उभे असलेले, १९ वर्षं हेच काम करत आलेले बँडमास्तर सांगत होते, "धार नाही. उजेड नाही आवाजात. अजून हवं."

पहिल्या क्लॅरिनेटांत तिसऱ्या खुर्चीवर त्यांची स्वतःची मुलगी बसली होती. तिने क्लॅरिनेट क्षणभर मांडीवर घेतली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा तोंडाला लावली.

मला त्या दिवशी वेगळ्याच कामासाठी बोलावलं होतं. पण या प्रकरणाचा सगळा पीळ त्या दहा मिनिटांत होता, म्हणून सुरुवात तिथून केली. सरांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या परवानगीने लिहितो आहे; ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

प्रकरण काय होतं

सर ४६ वर्षांचे, मूळचे ट्रंपेटवाले. शाळेत नवशिक्यांचा, मधला आणि मोठा असे तीन बँड, मिळून दीडशेच्या आसपास मुलं, आणि शिकवणारे हे एकटे. संस्थेने त्यांना बढती देऊ केली होती: तीन शाळांच्या बँडांवर देखरेख, पगारात चांगली वाढ. उत्तर द्यायला तीन आठवडे दिले होते, त्यातले दोन उलटले होते. मी आयुष्य शाळांच्या बँडांत काढलेला माणूस, आता नव्या शिक्षकांना हात देतो. मुख्याध्यापक मला म्हणाले, "तुम्ही एकदा बोलून बघा. एवढी चांगली संधी आहे आणि ते गप्प का आहेत?"

घरी गेल्यावर कळलं की गप्प सर नव्हते. वहिनींनी दोन अटी घातल्या होत्या. "हो म्हण नाहीतर नाही म्हण. पण आधी कान तपासून घे. आणि मला एक कागद दे, त्यावर लिही की आठवड्याचे किती तास तू शाळेचा असतोस."

वहिनी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतात. मोजल्याशिवाय बोलायचं नाही ही त्यांची सवय. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या रोज रात्री पेनाने एक ठिपका देत होत्या, सर घरच्या तिघांबरोबर जेवायला बसले असतील तरच. दहा आठवड्यांत १७ ठिपके. त्यांनी ते कॅलेंडर मला दाखवलं तेव्हा आवाज चढवला नाही की डोळ्यांत पाणी आणलं नाही. फक्त पानं उलटून दाखवली.

कागद

सर म्हणाले, "आठवड्याला बावीस तासिका आहेत, झालं. बाकी थोडंफार." मी त्यांना चार आठवडे वही ठेवायला सांगितली. त्यासाठी संस्थेकडून उत्तराची मुदतही वाढवून घेतली. वहीत आठवड्याची सरासरी निघाली ५७ तास. वेळापत्रकातले २२, जादा तालमींचे ९, कागद लिहिण्याचे ८, दुरुस्तीचे ६, सामान हलवण्याचे आणि कोठारातले ५, शनिवार-रविवारच्या कार्यक्रमांचे ४, पालकांचे फोन आणि पत्रं ३.

"कागद लिहिणं", म्हणजे प्रत्येक वाद्याच्या वाट्याची स्वरलिपी मांडणं, हे बाहेरच्याला कळत नाही. विकत घेतलेल्या रचनेत ओबो आणि बॅसून ही फुंकून वाजवायची वाद्यं असतात, चार हॉर्न असतात. शाळेत यातलं काहीच नसतं. असतात त्या चौदा क्लॅरिनेट, नऊ ट्रंपेट आणि कोणालाच नको असलेलं एक युफोनियम. मग ओबोची ओळ बासरीला द्यायची, बॅसूनची युफोनियमला. त्यात प्रत्येक वाद्याची बोली निराळी. क्लॅरिनेटवाल्याने कागदावरचा सी हा स्वर वाजवला की कानाला बी-फ्लॅट येतो, अल्टो सॅक्सोफोनवर तोच सी ई-फ्लॅट होऊन येतो, हॉर्नवर एफ. म्हणजे ओळ नुसती उचलून ठेवता येत नाही, प्रत्येक वेळी नव्या स्वरात मांडावी लागते. आणि दुसऱ्या ट्रंपेटमधल्या एका मुलाला वरचा सूर अजून लागत नसेल तर फक्त त्याच्यासाठी वेगळा कागद. सर हे रात्री अकरानंतर करत. कोणी सांगितलेलं नव्हतं. न करता बँड उभाच राहत नाही, म्हणून करत.

"बँडमास्तर" हा शब्द लष्करातून आलेला आहे. ब्रिटिश लष्कराने असे मास्तर घडवण्यासाठी १८५७ साली नेलर हॉल इथे शाळा काढली. पण मोठ्या लष्करी बँडात मास्तर एकटा नसतो. कागद सांभाळणारा वेगळा, वाद्यांचं कोठार बघणारा वेगळा, शिस्त बघणारा सार्जंट वेगळा. शाळांनी पद उचललं, हाताखालची माणसं मात्र उचलली नाहीत. ती सगळी कामं एकाच माणसाच्या रात्रींत जाऊन बसली. माझ्या मते या पेशातल्या घरांची निम्मी भांडणं इथून सुरू होतात, आणि तरी नवरा-बायको दोघंही ती एकमेकांच्या स्वभावावर ढकलत राहतात.

वही वाचून सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला वाटायचं मी संध्याकाळी घरीच असतो."

आणि ते खरंही होतं. ते घरीच असत, जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला, समोर उघडी क्लॅरिनेट.

कान

तपासणीचा आलेख त्यांनी स्वतःच आणून माझ्यापुढे ठेवला. दोन्ही रेघा खालच्या सुरांपासून सरळ चालत येतात आणि ४००० हर्ट्झपाशी, म्हणजे खूप उंच सुरांपाशी, खड्ड्यात पडल्यासारख्या खाली जातात, मग ८००० पाशी थोड्या वर येतात. त्या खड्ड्यात आवाज ऐकू यायला उजव्या कानाला ३० डेसिबल लागतात, डाव्याला ४५; आकडा जितका मोठा तितका कान कमजोर. मोठ्या आवाजाने झालेल्या इजेची ही ओळखीची खूण. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा गेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत.

डावा का जास्त? आम्ही खोलीत जाऊन उभे राहिलो तेव्हा कळलं. साइड ड्रम आणि झांजांचा कोपरा चौथऱ्याच्या डाव्या हाताला, दोन पावलांवर होता. तिथे दार होतं म्हणून, सामान आत-बाहेर करायला बरं म्हणून. १९ वर्षांत कोणी तो हलवला नव्हता.

खोली नऊ मीटर बाय सात, छत तीन मीटरवर, भिंती गिलाव्याच्या. तिन्ही बँडांच्या तालमींत मी आवाजमापक ठेवला, सरासरी आली ९४ डेसिबल. अमेरिकेतल्या नायोश या संस्थेने १९९८ मध्ये कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी जी मर्यादा सुचवली ती अशी: ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास, आणि दर तीन डेसिबल वाढीला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक. मुलं त्या खोलीत दिवसाला पाऊण तास वाजवून निघून जातात, म्हणजे मर्यादेच्या आत राहतात. मास्तर तिथेच उभे. एक गट गेला की दुसरा, दुसरा गेला की तिसरा, रोज तीन तासांहून जास्त. शाळेत मुलांच्या काळजीने बरंच काही मोजलं जातं, पण त्या खोलीत दिवसभर उभ्या असलेल्या एकमेव माणसाचं कोणी मोजलं नव्हतं, आणि त्यात मीही आलो. माझ्या काळात मी कोणाला कधी कान तपासायला सांगितलं नाही. याची मला खंत आहे.

आता त्या पहिल्या प्रसंगाकडे या. पिकोलोचे अगदी वरचे सूर चार हजार हर्ट्झच्या आसपासच असतात, आणि क्लॅरिनेटच्या आवाजाला जी धार येते ती मूळ सुराबरोबर उमटणाऱ्या वरच्या उपस्वरांमुळे. नेमकं तेच सरांच्या आलेखातल्या खाचेत पडत होतं. त्यांना बँड बोथट ऐकू येत होता. ते धार मागत राहिले, मुलं आज्ञाधारकपणे ओठ आवळत राहिली, आणि वर्षभरात एका चांगल्या बँडचा सूर वर सरकला. स्पर्धेतल्या परीक्षकांनी सलग दोनदा "वरची वाद्यं कर्कश" असं लिहून दिलं होतं. सरांनी ते शेरे फाइलला लावले आणि परीक्षकांना खोलीचा अंदाज आला नसावा असं मानलं.

तपासणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलेली दुसरी गोष्ट मला जास्त लागली. दिवसभर एवढा आवाज सोसलेला कान काही तास बधिर होतो. रात्रीच्या विश्रांतीनंतर बराचसा पूर्ववत होतो. आणि सगळ्यात आधी जातात ते शब्दांतले बारीक आवाज, स आणि श, च, फ. म्हणजे सकाळी शाळेत जाताना सरांना जे काही ऐकू यायचं ते ताजं असायचं, आणि संध्याकाळी साडेसातला घरी पोचायचे तेव्हा कान दिवसातल्या सगळ्यात वाईट अवस्थेत. घराला मिळायचा तो हा कान. वहिनी म्हणायच्या, "मी बोलते आणि हा मान डोलावतो. पुन्हा विचारलं की म्हणतो, कधी सांगितलंस?" त्यांनी याला बेपर्वाई म्हटलं होतं, आणि ११ वर्षं म्हणत आल्या होत्या.

आलेख पाहून त्यांना अपराधी वाटलं. मी त्यांना तिथेच थांबवलं, कारण पुढचे दोन आठवडे सरांनी या आलेखाची ढाल केली. ठिपके कमी का, याचं उत्तर कान नाही. मुलाच्या शाळेतल्या कार्यक्रमाला न जाण्याचं कारण कान नाही. ऐकू न येणं आणि घरी नसणं ही दोन वेगळी दुखणी होती. एकाच कामातून आली म्हणून एक होत नाहीत. हे मी सरांना सरळ सांगितलं. त्यांना ते आवडलं नाही, पण मान्य केलं.

मुलगी आणि धाकटा

मुलगी १३ वर्षांची. बँडमध्ये आल्यावर बापलेकीने नियम केला: शाळेत "सर" आणि "तुम्ही", घरी "बाबा" आणि "तू". नियम चांगला होता. कोणी लाडकी म्हणू नये म्हणून सर तिच्याशी इतरांपेक्षा जरा कडकच वागत. वहिनींच्या लक्षात आधी आलं, आणि त्यांनी ते कोणत्या दिवशी हेही सांगितलं. शाळेतून आल्यावर मुलीने दप्तर ठेवत विचारलं होतं, "बाबा, तुम्ही जेवलात का?"

तुम्ही. घरात. कोणी काही बोललं नाही. सरांना तो फरक ऐकूच आला नाही, की ऐकून त्यांनी सोडून दिला, हे त्यांनाही आता सांगता येत नाही.

कर्कश वाजतं आहे हे तिला महिनोन्महिने कळत होतं. क्लॅरिनेटवाली सगळीच मुलं आपसांत बोलत. पण मास्तरांना चूक कोण सांगणार, आणि त्यांच्याच मुलीने तर कसं सांगायचं? तिने मला हे एकदा जिन्यात उभं राहून सांगितलं, आणि सांगताना तिचा हात क्लॅरिनेटच्या पेटीच्या कडीवर सारखा उघड-बंद करत होता.

धाकटा आठ वर्षांचा. इथे माझी स्वतःची चूक झाली. दुरुस्तीचे सहा तास बाहेर द्या, असा माझा पहिला सल्ला होता. कागदावर सगळ्यात सोपं तेच दिसत होतं. सरांनी वाद्यं दुरुस्तीवाल्याकडे पाठवली आणि तिसऱ्या दिवशी धाकट्याने जेवायला नकार दिला.

कारण ते टेबलाचं टोक त्याचं होतं. स्पिरिटच्या दिव्यावर लाख मऊ करून सर पॅड, म्हणजे चाव्यांखालच्या भोकं बंद करणाऱ्या छोट्या गाद्या, बसवत आणि गळती शोधायचं काम त्याच्याकडे असे. सिगारेटच्या पातळ कागदाची पट्टी पॅडखाली सरकवायची, चावी हलकेच दाबायची आणि पट्टी ओढायची. अडकून आली तर पॅड घट्ट. घसरून आली तर त्या बाजूने हवा निसटते. पॅडच्या चारही बाजू अशा तपासायच्या. हा मुलगा श्वास रोखून पट्टी ओढायचा आणि म्हणायचा, "इथून निसटतेय, बाबा." एवढ्याशा पोराच्या बोटांना ते समजायचं. बापाबरोबरचा त्याचा सगळा वेळ त्या पट्टीवर होता, आणि मी तो "अनावश्यक तास" म्हणून खोडून टाकला होता.

शेवटी दुरुस्ती बाहेर गेली, पण दर शनिवारी सकाळी दोन वाद्यं घरी येतात. दोनच. दिवसा, कान ताजे असताना.

पर्याय

सुरुवातीला वहिनींचा कल बढती घेण्याकडे होता, हे ऐकून मला आश्चर्य वाटलं. त्यांचा हिशोब साधा होता: देखरेख म्हणजे स्वतः चौथऱ्यावर कमी उभं राहणं, म्हणजे कानाला आराम. पगारवाढही हवी होती. मुलीच्या पुढच्या शिक्षणाचा विचार सुरू होता. पण वही समोर ठेवून हिशोब मांडला तेव्हा चित्र उलटं झालं. तीन शाळा म्हणजे तीन वार्षिक मैफली, तीन स्पर्धा आणि प्रत्येकीचे शनिवार-रविवार. आवाज कमी, संध्याकाळी गायब.

नोकरी सोडून खासगी शिकवण्या घेण्याचाही विषय निघाला. तो मी फार लांबवला नाही. शिकवण्या मुलांची शाळा सुटल्यावर असतात, म्हणजे पुन्हा संध्याकाळच.

सरांनी बढती नाकारली आणि त्याबरोबर शाळेला एक पत्र दिलं. त्या पत्रावर मी सगळ्यात जास्त मेहनत घेतली, कारण आमच्या पेशातली माणसं थकली की तक्रार करतात, आकडे देत नाहीत. पत्रात वहीतले ५७ तास होते, आलेख होता, ९४ चा आकडा होता. मागण्या चारच: वर्षाला ३१ ऐवजी १४ कार्यक्रम, मोठ्या बँडला आठवड्यातून दोनदा सभागृह, कोठारासाठी अर्धवेळ मदतनीस, आणि वर्षातून एकदा शाळेच्या खर्चाने श्रवणतपासणी.

मुख्याध्यापक कार्यक्रमांवर अडून बसले. शाळेचा बँड कोणी मागितला की द्यायचा, ही शाळेची शान होती. शेवटी १६ वर ठरलं. मदतनीस मिळाला नाही. त्याऐवजी मोठ्या मुलांमधून प्रत्येक वाद्यगटाला एक प्रमुख नेमला आणि सामान, हजेरी, कागदवाटप त्यांच्याकडे गेलं. खरं तर हे आधीच व्हायला हवं होतं, मुलंही त्याने मोठी होतात. पण पगारी माणसाच्या कामाला फुकटची मुलं लावणं मला अजून पटलेलं नाही.

वर्षभरानंतर

ड्रमचा कोपरा चौथऱ्यापासून हलवून मागच्या बाजूला गेला. मागच्या भिंतीवर जाड पडदे दुपदरी लावले. वरचे आवाज जरा मऊ झाले, बेस ड्रमवर काही परिणाम नाही, खोलीतला आकडा ९४ वरून ९२ वर आला. सभागृहात तोच बँड ८९ भरतो. कानात घालायचे वादकांचे खास बोळे सरांनी आधी साफ नाकारले होते, "कान बंद करून सूर शिकवू?" म्हणून. साधे बोळे वरचे सूर जास्त कापतात; हे सगळीकडून सारखेच १५ डेसिबल कापतात, म्हणून सुरांचा तोल तसाच राहतो. पहिले दोन आठवडे त्यांना स्वतःचा आवाज डोक्यात घुमल्यासारखा वाटला. आता नवशिक्यांच्या तासाला ते न विसरता घालतात. नवशिक्यांचा तास सगळ्यात मोठ्याने असतो, हे कोणत्याही बँडमास्तराला विचारा.

रात्री कागद लिहिणं जवळपास थांबलं, कारण रचना निवडण्याची पद्धत बदलली. इंग्रज संगीतकार गुस्ताव होल्स्टने १९०९ मध्ये बँडसाठी ई-फ्लॅटमधली पहिली सूट, म्हणजे अनेक तुकड्यांची रचना, लिहिली, तेव्हाच त्याने बरीचशी वाद्यं ऐच्छिक ठेवली होती, लहान बँडलाही ती वाजवता यावी म्हणून. त्या धर्तीच्या, वाद्यांची अदलाबदल चालणाऱ्या रचना आज भरपूर मिळतात. सरांना आधी त्या कमी दर्जाच्या वाटायच्या. या वर्षीच्या मैफलीत त्यांनी होल्स्टच घेतली.

पैशांची ओढाताण आहे. नाकारलेल्या वाढीचा विषय महिन्याच्या शेवटी निघतो, आणि वहिनी तो काढतात यात मला काही गैर वाटत नाही. स्पर्धेच्या महिन्यात कॅलेंडरवर आजही चार-पाचच ठिपके पडतात. बाकीच्या महिन्यांत अठरा-वीस. दुसऱ्या तपासणीत आलेख होता तिथेच होता. खाच भरली नाही, खोलही झाली नाही.

एक गोष्ट सरांनी स्वतःहून केली. प्रत्येक तालमीला एक मूल वाद्य न घेता मागच्या भिंतीशी वही घेऊन बसतं. मुलं त्याला "मागचा कान" म्हणतात. चौथऱ्यावरून जे ऐकू येत नाही ते त्याने लिहायचं आणि तास संपल्यावर सर्वांसमोर वाचायचं, मास्तरांची चूकही. पाळी फिरती असते. गुरुवारी त्यांच्या मुलीची. मागच्या महिन्यात गेलो होतो तेव्हा सरांनी मला ती वही दिली. तिचं अक्षर बारीक आणि तिरकं आहे.

"पिकोलो बरोबर. दुसऱ्या क्लॅरिनेट किंचित वर. ट्रंपेट चांगले. बाबांनी" हे खोडून पुढे "सरांनी दोनदा 'अजून' म्हटलं, गरज नव्हती."